तक्रारराव गप्प झाले

मेस्त्रींच्या घरात नवं यंत्र आलं की पहिला मान मेस्त्रींच्या कानाचा. मिक्सर असो, पंखा असो, बायकोनं बटण दाबायचं, मेस्त्रींनी डोळे मिटून ऐकायचं आणि निकाल द्यायचा: "ठेव" नाहीतर "परत कर". दुकानदार त्यांना ओळखून होते. ते दारात दिसले की आतला पोऱ्या आधीच मालकाला हाक मारायचा.

आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची कंबर जाते, नखं काळी ती काळीच राहतात, पण कान मात्र लाखाचा होतो. कुठल्याही इमारतीत शिरताना मेस्त्री क्षणभर थांबत आणि सांगत, "हिचं बेअरिंग गेलंय," किंवा "हिला कुणीतरी उगाच तेल पाजलंय." त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं: जी आवाज करत नाही ती लिफ्ट चांगली. ज्या मशीनची कुरकुर नाही, तिला हात लावू नये.

दुर्दैवानं हे तत्त्वज्ञान त्यांनी माणसांनाही लावलं. पोरगी तापानं फणफणून गप्प पडली तर "बघ, किती शहाणी" म्हणणारा हा बाप. बायको रागावून मूग गिळून बसली की यांना वाटायचं, संसार कसा छान चालला आहे. एवढी मोठी चूक उरावर घेऊन माणूस सत्तरीपर्यंत सुखानं पोचतो, कारण काही जणांना बायका चांगल्या मिळतात.

अशा माणसाला जोडीदार मिळाला तो तक्रारराव. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण कामावर लागल्याबरोबर त्यांनी चहाबद्दल, हातमोज्यांबद्दल, साहेबांबद्दल, साहेबांच्या मिशीबद्दल आणि पगाराच्या पाकिटाला लावलेल्या डिंकाबद्दल तक्रार केली, तेव्हापासून हे नाव चिकटलं. डिंक खरंच वाईट होता, नाव मात्र घट्ट बसलं. माणूस कामाला वाघ, स्वभावानं लोण्यासारखा, फक्त तोंड चोवीस तास चालू. बायको गेली तेव्हा आतून पिळवटून निघाले, पण तेव्हासुद्धा तिच्या फोटोची चौकट डावीकडे झुकली आहे म्हणून फ्रेमवाल्याशी कडाकडा भांडले, आणि घरी येऊन मग पोटभर रडले. भांडण हा त्यांचा आधार होता. काहींना काठी लागते, त्यांना भांडण लागायचं.

लिफ्टच्या कामात एक जण वर मशीनरूममध्ये असतो आणि दुसरा खाली, लिफ्टच्या टपावर उभा. मधे नुसता अंधार. एकमेकांचं तोंड दिसत नाही, जे काय ते आवाजावर. मेस्त्री टपावरून ओरडायचे, "ए वरच्या!" वरून यायचं, "बोल खालच्या!" मग मेस्त्री म्हणणार, "वर घे," तक्रारराव तेच शब्द परत म्हणणार, "वर घेतोय," आणि मगच लिफ्ट हलणार. "थांब" म्हटलं की "थांबलो" आलंच पाहिजे. आणि ज्यानं थांबवलं त्यानंच सोडायचं. तो बोलत नाही तोवर साहेब येवो नाहीतर साहेबांचा साहेब, मशीनला हात लावायचा नाही. नुसती मान हलवणं या धंद्यात चालतच नाही, कारण अंधारात मान दिसणार कुणाला? कुणी नवा माणूस मान हलवताना सापडला की तक्रारराव म्हणायचे, "नंदीबैल आहेस का? तोंड दिलंय ना?"

अशी सगळी उमर दोघांनी एकमेकांचा जीव एकमेकांच्या आवाजावर टांगून काढली. त्याचा परिणाम असा झाला की समोरासमोर बसलं की दोघांना मनातलं काही बोलताच येईना. समोर बसल्यावर तक्रारराव जगाला नावं ठेवणार आणि मेस्त्री हुं हुं करणार, बस्स. खरं काही बोलले असतील तर ते त्या अंधारातून, तोंड न बघता. मेस्त्रींनी आपलं लग्न ठरल्याची बातमीसुद्धा टपावर उभं राहून, मान वर करून ओरडून दिली होती. वरून उत्तर आलं, "बिचारी!"

निवृत्तीनंतर रविवार सकाळचा चहा तक्राररावांकडे, हे ठरूनच गेलं. तक्रारराव मुलाकडे राहायचे, तिसऱ्या मजल्यावर. सूनबाई चहा ठेवायची आणि कान टवकारून बसायची, कारण पहिला घोट गेला की शेरा ठरलेला: आज पातळ आहे, आज उकळला जास्त, आज कपाला साबणाचा वास आहे. त्यानंतर जगाची पाळी. पेपरवाला, शेजाऱ्याचं कुत्रं, सरकार, आणि सगळ्यात शेवटी त्या इमारतीची लिफ्ट, जी मजल्याला एक सूतभर खाली-वर थांबली तरी तक्रारराव सोसायटीच्या सेक्रेटरीला जिन्यात गाठायचे. सेक्रेटरी हल्ली जिना बदलून जायचा.

मग हळूहळू हे सगळं थांबलं.

कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण थांबलेली कटकट कोण मोजत बसतो? एका रविवारी सूनबाईनं गडबडीत साखरेच्या जागी मीठ टाकलं. मेस्त्रींनी पहिला घोट घेतला आणि बेसिनकडे धाव घेतली. परत येऊन बघतात तर तक्रारराव कप रिकामा करून खाली ठेवत होते.

"अहो बाबा, मीठ पडलं होतं! बोलला का नाहीत?"

"चालायचंच," तक्रारराव म्हणाले.

सूनबाईला गहिवरून आलं. ती मेस्त्रींना स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "काका, बाबा किती शांत झालेत ना! परवा त्या पेपरवाल्याची माफी मागितली. खाली जाऊन, हात धरून. यांनाही म्हणाले, लहानपणी तुला उगाच मारलं, मनात ठेवू नकोस. हे तर रडलेच. माझ्यावर पण आता कध्धी चिडत नाहीत. काहीही विचारा, चालायचंच म्हणतात."

सगळं घर खूश होतं. इमारतीतले लोक म्हणत होते, म्हातारपण यावं तर असं. सेक्रेटरी पुन्हा जुन्या जिन्यानं जाऊ लागला होता. मेस्त्रींनीही आपला जाणता कान लावला, काही खरखर नाही, काही घासत नाही, आणि निकाल दिला, "रुळला गडी."

निघताना तक्रारराव दूध आणायला म्हणून त्यांच्याबरोबर लिफ्टनं खाली आले. लिफ्ट तळमजल्याला चांगली बोटभर खाली थांबली. मेस्त्रींचा पाय अडखळला. तक्राररावांनी पाय उचलला, बाहेर टाकला आणि लिफ्टकडे बघितलंसुद्धा नाही. मेस्त्रींना जरा चुकल्यासारखं वाटलं, पण म्हटलं, बरंच आहे की.

घरी बायको भाजी चिरत बसली होती. मेस्त्रींनी मोठ्या आनंदात सगळी हकिगत सांगितली. मीठ, पेपरवाला, माफी, चालायचंच.

"भाऊजी आणि तक्रार नाही?" बायको म्हणाली. "नवलच! अहो, जित्याची खोड मेल्याशि..."

तिची सुरी थांबली. म्हण अर्धीच राहिली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"काहीतरी अभद्र बोलू नकोस," मेस्त्री खेकसले.

"मी कुठं काय बोलले?" ती म्हणाली. पण तिनं भाजी बाजूला सारली.

मेस्त्रींना उपमा वगैरे सुचत नसत, ते त्यांचं काम नव्हे. पण त्या दुपारी पडल्यापडल्या त्यांना एक जुनी लिफ्ट आठवली. टपावर तेव्हा तक्रारराव होते आणि मेस्त्री वर मशीनरूममध्ये. मशीन असं गोड चालत होतं की ऐकत राहावं. मेस्त्री वरून ओरडले, "काय झकास चाललीय!" आणि खालून तक्रारराव बोंबलले, "अरे कसली झकास? मी हललोच नाहीये!" लिफ्ट मधेच अडकून बसली होती, दोर ढिले पडले होते, आणि चाक नुसतं जागच्या जागी फिरत होतं. वजनच नव्हतं त्याच्यावर, ते कशाला कुरकुर करेल? मेस्त्री उठून बसले.

"विचारा त्यांना," बायको दारातूनच म्हणाली. तिनं त्यांचा चेहरा वाचला होता.

"काय विचारू?"

"सरळ विचारा. जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का, असं विचारा."

दुसऱ्या दिवशी मेस्त्री गेले. बराच वेळ बसले. परत आले ते तोंड पाडूनच.

"विचारलंत?"

"विचारलं."

"काय विचारलंत?"

मेस्त्री चप्पल काढण्यात गुंतले. "गुडघे कसे आहेत, विचारलं."

"गुडघ्यांनी कुणी मरत नाही हो!"

मेस्त्री चिडले, आणि चिडले म्हणूनच खरं बोलले. "अगं, समोर बसलं की जीभ टाळ्याला चिकटते माझी. आणि समजा त्याच्या मनात तसलं काही नसलंच तर? मी विचारायचं आणि मीच त्याच्या डोक्यात भरवायचं! हात दाखवून अवलक्षण!"

बायकोनं कपाळाला हात लावला. "इतक्या वर्षांत तुमच्या सांगण्यावरून भाऊजींनी एक तरी गोष्ट केली आहे का? साधी टोपी घालायला सांगितलीत तर घालत नाहीत, आणि हे बरं ऐकतील?"

बायको हसत होती, पण तिचे डोळे भरले होते. मेस्त्री त्या दिवशी पोटभर जेवले नाहीत. माणसाला भीती वाटली की ती पोटात जाऊन बसते आणि अन्नाला जागा ठेवत नाही.

पुढच्या खेपेला ते निश्चय करून गेले. चहा झाला. तक्रारराव खिडकीकडे बघत होते. दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा, सगळं कसं जागच्या जागी. मेस्त्रींनी तोंड उघडलं आणि "हवा छान पडलीय" असं काहीतरी बोलून पुन्हा मिटलं. दोनदा असं झालं. मग ते उठले. आपल्यासारखा नादान माणूस जगात दुसरा नाही, असं त्यांना वाटत होतं.

एरवी तक्रारराव जागचे हलत नसत. "दार ओढून घे, आपटू नकोस," एवढाच निरोप असायचा. आज ते उठून बाहेर जिन्यापर्यंत आले. मेस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरंय मग. खूप केलंस माझ्यासाठी. जप स्वतःला."

मेस्त्री लिफ्टकडे न जाता जिना उतरू लागले, कारण पाय तिकडेच वळले. जिना वळला. वरचा माणूस दिसेनासा झाला. आणि तोंड दिसेनासं झाल्याबरोबर मेस्त्रींचा गळा मोकळा झाला.

"ए वरच्या!" ते ओरडले.

मग, जुन्या सवयीनं, थोडं उशिरा, "बोल खालच्या."

"तुझ्या मनात मरायचं आहे का?"

आता, असला प्रश्न माणूस दार लावून, जवळ बसून, हळू आवाजात विचारतो. मेस्त्रींनी तो ज्या आवाजात आयुष्यभर मजलेच्या मजले ओलांडले होते त्या आवाजात विचारला. जिना दणाणला. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर अर्ध्या गालाला फेस लावून दारात आले. पहिल्या मजल्यावरची बाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन तशीच उभी राहिली. खाली कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, तीही बंद पडली. मेस्त्रींना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले होते आणि सगळा कान वर लावला होता.

उत्तर नाही.

"मान हलवू नकोस! मला दिसत नाही!" मेस्त्रींचा आवाज फाटला. "तोंडानं सांग!"

बादलीतल्या कपड्यांचं पाणी जिन्यावर ठिबकत होतं, तेवढाच काय तो आवाज. मग वरून आलं, "आहे."

आणि जरा थांबून, "आहे रे. बरेच दिवस आहे."

प्रश्नापर्यंतचं मेस्त्रींनी ठरवलं होतं, उत्तरानंतर काय ते ठरवलंच नव्हतं. डोकं रिकामं झालं. मग त्यांच्या तोंडून जे आपोआप निघत आलं होतं तेच निघालं.

"थांब!"

वर शांतता.

"थांब म्हणतोय मी! ऐकू आलं का?"

आता रडका, चिरकलेला, पण तक्राररावांचाच आवाज आला. "थांबलो."

मेस्त्री जिना चढले. दोन दोन पायऱ्या चढले असं ते पुढे सांगत, पण त्यांचे गुडघे ज्यांनी पाहिले आहेत ते यावर विश्वास ठेवत नाहीत. तक्रारराव वरच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडत होते. मेस्त्री शेजारी बसले. एकमेकांकडे त्यांनी बघितलं नाही, दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"काय झालं रे?" मेस्त्रींनी विचारलं.

"काही झालं नाही. तेच तर आहे," तक्रारराव म्हणाले. "काही होतच नाही. चहा पितो, त्याला चव नाही. पोरगा बोलतो, लांबून ऐकू येतं. मला कशाचा रागसुद्धा येत नाही रे आता. वाटायचं, आपण उगाच जागा अडवून बसलोय. आणि सगळे म्हणतात, किती छान शांत झालात! म्हटलं, चला, हेच बरं असेल सगळ्यांना."

मेस्त्रींना हुंदका आवरेना. या सगळ्यांत आपणही होतो, 'रुळला' म्हणणारे आपणच, हे त्यांना टोचत होतं. "माझा कान गेला कामातून," ते म्हणाले. मग त्यांनी मित्राचा हात घट्ट धरला. "मी सोडेपर्यंत थांबायचं. नियम आहे."

"आणि सोडणार कधी?"

"माझी मर्जी."

दारात सूनबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती सासऱ्यांच्या पायाशी पायरीवर बसली आणि तिनं एकच केलं, फोन काढून नवऱ्याला सांगितलं, "आत्ता या. विचारू नका, या."

मुलगा आला तो घाबरून आणि संतापून. आधी बापाला मिठी मारली, मग मेस्त्रींवर उखडला. "काका, अहो अख्ख्या बिल्डिंगसमोर? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणाले ते सांगण्यासारखं आहे. पहिल्या मजल्यावरची बाई थर्मासमध्ये चहा घेऊन आली आणि काही न बोलता ठेवून गेली. मोटारसायकलवाल्यानं रिक्षा आणली. मास्तर गालावरचा फेस वाळेपर्यंत दारात उभे होते, त्यांनी नुसते हात जोडले. सेक्रेटरीनं निरोप पाठवला की लिफ्ट बोटभर खाली थांबते आहे ती उद्याच दुरुस्त करून घेतो, आणि हे तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून बोलला होता.

त्याच दिवशी त्यांनी तक्राररावांना डॉक्टरकडे नेलं. मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई मेस्त्रींच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी नाव विचारलं, झोप विचारली आणि लगेच, खोकला आहे का विचारावं तितक्या सहज विचारलं, "मरायचे विचार येतात का?" मेस्त्री बघतच राहिले. ज्या वाक्यासाठी त्यांनी दिवसच्या दिवस जीव टांगणीला लावला होता, ते या बाईंनी पाण्यासारखं बोलून टाकलं.

"विचारल्यानं कुणाच्या डोक्यात भरत नाही," बाई नंतर मुलाला आणि मेस्त्रींना म्हणाल्या. "उलट माणूस मोकळा होतो. हा आजार आहे आणि तो बरा होतो. वय झालेले पुरुष सांगत नाहीत, चालायचंच म्हणतात, आणि आपल्याला वाटतं, समजूतदार झाले. काका, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत." मग घरातल्या कुठल्या वस्तू कुलपात ठेवायच्या, सध्या त्यांना एकटं का सोडायचं नाही, गोळ्यांना गुण यायला वेळ लागतो तेव्हा धीर का सोडायचा नाही, मनात पुन्हा तसं आलं तर कुणाला लगेच फोन करायचा, हे सगळं नीट समजावून सांगितलं. मेस्त्रींनी ते कामाच्या पद्धतीनं ऐकलं, म्हणजे प्रत्येक वाक्य बाईंना परत म्हणून दाखवलं. बाई हसल्या, पण त्यांनी त्यांना थांबवलं नाही.

बरं होणं म्हणजे काही बटण दाबलं आणि दिवा लागला असं नव्हतं. काही दिवस बरे जात, मग एखादा असा येई की तक्रारराव भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मेस्त्री रोज जाऊन बसत. हवा छान पडलीय, असलं काही ते आता बोलत नसत. ते दाराआड, पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसत आणि तिथून हाक मारत, "ए वरच्या, आज कसं आहे?" पलंगावरून उत्तर येई, "आज वाईट आहे." किंवा, "कालच्यापेक्षा बरं." डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, पद्धत कुठलीही असू द्या, उत्तर येतंय ना? मुलगाही ऑफिसातून आला की पॅसेजमधल्या त्या खुर्चीवर बसू लागला. मेस्त्रींवरचा त्याचा राग केव्हाच उतरला होता, पण ते त्याला सांगता येत नव्हतं, म्हणून तो त्यांना रोज सोडायला जायचा.

आणि मग एका सकाळी सूनबाईनं चहा दिला, तक्राररावांनी घोट घेतला, कपाकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा काय चहा आहे? भांडी विसळलेलं पाणी बरं!"

सूनबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती धावत बाल्कनीत गेली, नवऱ्याला फोन लावला आणि रडत, हसत ओरडली, "अहो! बाबांनी चहाला नावं ठेवली!" पलीकडे तो ऑफिसातल्या सगळ्यांसमोर "काय सांगतेस!" म्हणून उभाच राहिला. मेस्त्रींना कळलं तेव्हा त्यांनी बायकोला बोलावून तीच बातमी सांगितली, आणि त्या शहाण्या बाईनं डोळे पुसत विचारलं, "काय म्हणाले? नीट सांगा. शब्द सांगा."

त्यानंतर गाडी सुटली. गोळ्यांचा रंग भिकार होता. पेपरवाला पेपर दुमडून टाकत होता, त्याची माफी परत घेण्यात आली. सेक्रेटरीनं पुन्हा जिना बदलला. घरात जी कटकट सुरू झाली ती ऐकून शेजारी हैराण झाले, आणि सूनबाई मात्र स्वयंपाकघरात गुणगुणत असायची.

मेस्त्रींचं रोजचं जाणं आता पुन्हा रविवारच्या चहावर आलं होतं. एका आडवारी, मधल्याच दिवशी, ते सहज डोकावले तर तक्रारराव घरात नव्हते.

"सकाळीच गेले," सूनबाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "कुठे ते सांगितलं नाही. फोन इथेच आहे. काका, इतके दिवस छान होते हो."

मेस्त्रींनी बागेत बघितलं, वाचनालयात बघितलं, पेपरवाल्याकडे विचारलं. छान दिसतंय म्हणजे छान आहे, या जुन्याच चुकीवर आपण पुन्हा झोपलो की काय? शेवटी डॉक्टरीणबाईंना तरी सांगावं म्हणून ते धापा टाकत दवाखान्यात शिरले.

बाकावर तक्रारराव बसले होते. त्यांच्या शेजारी मास्तर, मान खाली घातलेली, दाढी वाढलेली. तक्राररावांनी त्यांचा दंड धरून ठेवला होता.

"तू इथे?" मेस्त्रींना धड श्वासही घेता येईना. "सांगून यायला काय झालं होतं? आमचा जीव गेला असता!"

"हळू बोल, दवाखाना आहे," तक्रारराव म्हणाले, जे त्यांना शोभत नव्हतं. मग त्यांनी मेस्त्रींना जवळ ओढलं. "सकाळी जिन्यात मास्तर भेटले. मी म्हटलं, कसं काय? म्हणाले, चालायचंच. म्हटलं, मास्तर, हा शब्द मला शिकवू नका. सरळ विचारलं. हळू विचारलं, तुझ्यासारखं बोंबलून नव्हे. तर ते रडायलाच लागले. म्हणाले, त्या दिवशी दारात उभा राहून मी मनात म्हणत होतो, हे मला कुणी का विचारत नाही? तास-दोन तास बसलो त्यांच्याकडे. मग तसाच उचलून घेऊन आलो."

मेस्त्री बाकावर मटकन बसले. त्यांनी मित्राकडे बघितलं, या वेळी अगदी समोरून, तोंडाकडे, आणि त्यांना जे वाटलं ते आनंदापेक्षा मोठं होतं.

आतून नर्स आली. दवाखाना भरलेला होता. आपल्याला इथे कुणी बघू नये म्हणून जो तो पायाकडे बघत बसला होता. मास्तर अजूनच आक्रसले.

"पेशंट कोण?" नर्सनं विचारलं. "आणि सोबत आपण यांचे कोण?"

तक्रारराव उठून उभे राहिले. मशीनरूममधून तळमजल्यापर्यंत पोचणारा तो आवाज त्यांनी पुरता उघडला.

"मी यांच्या आधीचा पेशंट!" ते म्हणाले. सगळ्या माना वर झाल्या. "चला मास्तर. बाई फार चांगल्या आहेत. पंखा मात्र भयंकर आहे, आधीच सांगून ठेवतो."